स्थानबद्ध छावणीतील १०,००० नाणेफेकी

१/ एप्रिल १९४०. दक्षिण आफ्रिकेतील गणिताचे अध्यापक जॉन केरिच सासुरवाडीच्या मंडळींना भेटण्यासाठी कोपनहेगनला आले होते. ९ एप्रिल रोजी जर्मन सैन्याने डेन्मार्कवर आक्रमण केले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून केरिच स्थानबद्ध झाले आणि यूटलंडमधील हाल्डच्या छावणीत त्यांची रवानगी झाली.

२/ छावणीचा कारभार डॅनिश सरकारकडे होता. जाच फारसा नव्हता, पण सुटकाही नव्हती. तेथे सहबंदी एरिक क्रिस्टेन्सन यांच्या साहाय्याने केरिच यांनी एक नाणे १०,००० वेळा उडवले आणि प्रत्येक निकाल नोंदवून ठेवला.

३/ प्रयोगातून संभाव्यता काढण्याची रीत साधी आहे : छापा जितक्या वेळा पडला, ती संख्या भागिले एकूण फेकी. फेकी वाढत गेल्या की हे गुणोत्तर मूळ संभाव्यतेच्या आसपास स्थिरावते, हे जेकब बर्नुली यांनी सिद्ध केले होते. त्यांचा ग्रंथ १७१३ मध्ये, मरणोत्तर, प्रसिद्ध झाला.

४/ केरिच यांची नोंद :
१० फेकी – छापा ४ (०.४)
१०० फेकी – छापा ४४ (०.४४)
१,००० फेकी – छापा ५०२ (०.५०२)
१०,००० फेकी – छापा ५,०६७ (०.५०६७)

५/ आता निम्म्यापासूनचे अंतर पाहावे : १, ६, २ आणि अखेरीस ६७. गुणोत्तर निम्म्याजवळ आले, पण छाप्यांच्या संख्येतील तफावत मात्र वाढली. १०,००० फेकींत सुमारे ५० ची तफावत स्वाभाविकच असते. भागाकारात ती अर्ध्या टक्क्याइतकी उरते.

६/ ‘इतके काटे पडले, आता छापा पडलाच पाहिजे’ हा जुगाऱ्याचा विश्वास येथेच ढासळतो. नाणे मागची बाकी फेडत नाही. नव्या फेकींच्या राशीत जुनी तफावत केवळ क्षुल्लक ठरते.

७/ केरिच यांनी एका बाजूस शिसे लावलेली लाकडी चकतीही उडवली. तिची एक बाजू साधारण ७० टक्के वेळा वर आली. नाण्याविषयी ‘निम्मे’ हे उत्तर तर्काने आधीच देता येते. अशा चकतीविषयी मोजणी हाच मार्ग. मृत्युमान, अपघात, रोग यांचे आकडेही याच जातीचे आहेत.

८/ या प्रयोगांवरील केरिच यांचे छोटेखानी पुस्तक १९४६ मध्ये कोपनहेगनमध्येच प्रसिद्ध झाले. स्वतःची सुटका कधी होईल हे ज्यांना सांगता येत नव्हते, त्यांनी अनिश्चिततेचीच मोजदाद मांडली होती.