रझाकार : एका शब्दाची गोष्ट

गेल्या हिवाळ्यात लातूरला युवागट चालवणाऱ्या कार्यकर्त्यांचे दोन दिवसांचे निवासी शिबिर होते. नांदेडहून आम्ही सहा जण शनिवारी पहाटेच्या एसटीने निघालो. पहिल्याच सत्रात प्रशिक्षकांनी सगळ्यांना एकेक चिठ्ठी दिली. आपण जे काम करतो, त्यासाठी आपल्या भाषेतला शब्द लिहून फळ्यावर लावायचा होता. स्वयंसेवक, कार्यकर्ता, व्हॉलंटियर असे शब्द लागले. आमच्यासोबतच्या, उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलाने लिहिले : रझाकार.

हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. मागे कोणीतरी हसले. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, मी चुकीचं लिहिलं का?"

शब्द चुकीचा नव्हता. त्याला रात्री आणि सर्वांना दुसऱ्या दिवशी सकाळी जे सांगितले, ते इथे लिहितो.

'रज़ा' म्हणजे संमती, मर्जी. आपण शाळेत रजेचा अर्ज देतो ती रजा हीच. राजी, राजीखुशी, राजीनामा हे शब्दही त्याच कुळातले. जो आपल्या मर्जीने काम करतो तो रझाकार. उर्दू वर्तमानपत्रे आजही पुरात मदत करणाऱ्यांना रझाकार म्हणतात.

मग मराठवाड्यात हा शब्द शिवी का झाला? १९३८ साली हैदराबाद संस्थानात मजलिसचे नेते बहादूर यार जंग यांनी रझाकार ही स्वयंसेवक संघटना उभी केली. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९४६ मध्ये मजलिसची सूत्रे कासिम रझवी यांच्याकडे आली. रझवी लातूरचे वकील. त्यांनी तरुणांना गणवेश दिला, कवायत शिकवली, हत्यारे दिली आणि निजामाची गादी राखण्याची शपथ दिली. पुढे गावे लुटली गेली, घरे जळाली, माणसे मारली गेली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते याच राजवटीशी लढत होते.

रझाकारांना विरोध करणारे मुसलमानही होते. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू मांडली. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. हे नाव आपल्या मुलांना माहीत नसते, हा दोष आपला, शिक्षकांचा आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. तो आपला मुक्तिदिन. पण माझी दादी माणसांची वये 'पोलीस ॲक्शन के पहले' आणि 'के बाद' अशी मोजायची आणि पुढे गप्प व्हायची. ती का गप्प व्हायची, ते मला बी.एड. झाल्यानंतर सुंदरलाल समितीच्या अहवालाविषयी वाचले तेव्हा कळले. नेहरूंच्या सरकारने पाठवलेल्या या समितीने त्याच वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गावोगाव फिरून पाहिले. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्या अहवालात आहे. तो अनेक दशके प्रसिद्धच झाला नाही.

रझवींना तुरुंगवास झाला. १९५७ साली सुटल्यावर ते पाकिस्तानात गेले. रझाकारांशी काहीही संबंध नसलेली गरीब माणसे मात्र इथेच राहिली आणि त्यांनी किंमत मोजली.

माझे बोलून झाल्यावर एक मुलगी उभी राहिली. तिच्या पणजोबांचे घर रझाकारांनी जाळले होते. ती म्हणाली, "सर, अर्थ समजला. पण हा शब्द मी माझ्या तोंडाने उच्चारणार नाही." मी म्हणालो, "बेटा, तो तुझा हक्क आहे." तिला राजी करण्याचा मला काय अधिकार?

पण दोघांनाही मी एक गोष्ट दाखवली. रझवींच्या पोरांना कवायत आली, शपथ पाठ झाली. हुकूम आल्यावर 'हे मी करणार नाही' म्हणायला मात्र कोणी शिकवले नाही. नावात रज़ा राहिली आणि माणसाची मर्जी गेली. याउलट ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मी शाळकरी होतो. आमच्या मोहल्ल्यातली पोरे घरोघरी भाकरी मागत फिरली. त्यांच्याकडे ना गणवेश होता, ना शपथ.

शेवटच्या सत्रात गटांचे नियम ठरले. त्यात एक नियम त्या मुलीने सुचवला : कुठलेही काम का करायचे, हे कोणताही सदस्य विचारू शकेल आणि न पटल्यास नकार देऊ शकेल. सगळ्यात आधी हात वर केला तो चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलाने. त्याची चिठ्ठी फळ्यावरच होती. त्याने शब्द खोडला नव्हता, खाली मराठीत लिहिले होते : राजीखुशीने काम करणारा.