भरून घेतलेल्या कॅसेटचा मान

मराठी माणूस आवडत्या ध्वनिमुद्रिकांची यादी करायला बसला की पहिली पाच-सहा नावं जवळजवळ ठरलेली असतात. किशोरी आमोणकरांचा ‘सहेला रे’वाला भूप, हृदयनाथ मंगेशकरांचा ‘शिवकल्याणराजा’, लताबाई आणि श्रीनिवास खळ्यांचं ‘अभंग तुकयाचे’, भीमसेन जोशींचे अभंग, ‘कॉल ऑफ द व्हॅली’, आणि या सगळ्यांच्या वर ‘गीतरामायण’. या नावांशी माझं भांडण नाही. ज्याच्या कानात ती बसली नाहीत त्याच्याशी वाद घालण्यातही अर्थ नाही. भांडण आहे ते यादीमागच्या कसोटीशी. एका कलावंतानं एका विचारानं बांधलेली, एल्.पी.च्या दोन बाजूंत मावणारी, एका बैठकीत ऐकायची कृती तेवढी खरी ध्वनिमुद्रिका आणि बाकी सगळं गाण्यांचं गाठोडं, अशी ती कसोटी. ती साठ-सत्तरच्या दशकांत इंग्रजी रॉक संगीतावर लिहिणाऱ्यांनी घडवली, आणि ज्यांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डप्लेअर होता त्यांनी ती आपल्याकडे चालू केली. बागलाणातल्या नामपूरला, मोसम नदीकाठच्या त्या बाजाराच्या गावाला उभं राहून पाहिलं तर हिशेब वेगळा लागतो. क्रमानं, सलग ऐकण्याची सवय या खोऱ्याला एल्.पी.नं लावलेली नाही. ती आधीपासून होती, तबकडीनं ती मोडली, आणि गावोगाव ती पुन्हा जोडून दिली ती कॅसेटनं. तेव्हा मानाच्या यादीत कॅसेटला, त्यातही दुकानातून भरून घेतलेल्या कॅसेटला, जागा नसेल तर ती यादी अपुरी आहे.

पुरावा मोसमच्याच काठी, नामपूरच्या वरच्या अंगाला मुल्हेरात आहे. तिथं उद्धव महाराजांच्या समाधिमंदिरात कोजागरीला रासक्रीडेचा उत्सव होतो. केळीची पानं आणि झेंडूची फुलं यांनी सजवलेलं भलंमोठं चक्र संध्याकाळी वर चढवतात, मुलं गोपींच्या वेषात उभी राहतात, आणि रात्रभर पदं चालतात. मराठी, हिंदी, गुजराती अशी ती सरमिसळ असते, सीमेवरच्या मुलखाला शोभेल अशी. पहाटे चक्र उतरतं तेव्हा गाणं थांबतं. कोणतं पद कधी यायचं हे परंपरेनं ठरलेलं असतं. पहाटेचं पद संध्याकाळी म्हणून चालत नाही. हीच गोष्ट खानदेशाच्या बाजूला श्रावणातल्या कानबाईच्या जागरणाची. रोटांचा नैवेद्य, रात्रभर बायकांची अहिराणी गाणी आणि सकाळी विसर्जन. तमाशात गण, गवळण, बतावणी आणि मग वग. जागरण-गोंधळात देवदेवतांचं आवाहन आधी आणि कथा नंतर. यातल्या कुठल्याही प्रकाराचा श्रोता सुटं गाणं मागत नव्हता. गाण्याला आगापिछा असतो, आणि तो चुकला तर गाणंही चुकतं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग १९०२ साली कलकत्त्यात आला, गायिका गौहरजानचा आवाज मेणावर उतरला, आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत हा आगापिछा कापला गेला. दहा इंची ७८ गतीच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. रंगभूमीवर बालगंधर्वांचं एकेक पद वन्स मोअरच्या गजरात कितीतरी वेळ फुलत राही आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे. तबकडीवर त्याच पदाचं मुखडा-अंतरा-दोन ताना असं आटोपशीर रूप आलं. इथं एक आक्षेप न्याय्य आहे, तो मान्य करून पुढं जावं. तीन मिनिटांच्या बंधनानंही थोर गाणं दिलं आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन’ ही ठुमरी अशाच एका तबकडीवर आहे, आणि ती दुकानात ऐकून गदगचा पोरसवदा भीमसेन १९३३ साली घर सोडून गुरू शोधायला निघाला. तेव्हा तबकडीनं गाण्याची हानीच केली असं म्हणता येणार नाही. पण तिनं ऐकणाऱ्याला तुकड्यांची सवय लावली. बाजू संपली की उठायचं, सुई उचलायची, चावी द्यायची. रात्रभराच्या ऐकण्याला जो ओघ होता तो या उठबशीत टिकणं शक्य नव्हतं.

तो ओघ प्रथम परत आणला रेडिओनं, आणि हे श्रेय एल्.पी.च्या खाती टाकण्याची चूक आपण नेहमी करतो. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आठवड्याला एक गाणं. त्या वर्षी अधिक मास आल्यानं गाणी ५२ ऐवजी ५६ झाली. म्हणजे पंचांगानं कलाकृतीची लांबी ठरवली! ज्याला आज आपण मराठीतली सर्वश्रेष्ठ ध्वनिमुद्रिका म्हणतो, ती ध्वनिमुद्रिका म्हणून जन्मलीच नाही. घराघरांत उदबत्ती लावून वाट पाहिलेलं ते वर्षभराचं पारायण होतं, आणि तबकड्या त्याच्या मागून आल्या. एल्.पी.ची बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची. ती हाती आल्यावर तिचं काय करायचं हे ज्यांना नेमकं कळलं त्यांत जी. एन. जोशी हे नाव आधी घ्यावं लागतं. नागपूरचा हा वकील १९३२ च्या ‘रानारानात गेली बाई शीळ’मुळं भावगीताचा आद्य गायक ठरला, आणि पुढं एच्.एम्.व्ही.त ध्वनिमुद्रणाच्या कामाला लागला. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’चे निर्माते तेच. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. अहिर भैरव, नट भैरव, पिलू, भूप, देस, पहाडी या क्रमानं एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्यात उलगडतो. परदेशी कानांना ती नवलाची वाटली. मुल्हेरच्या रासक्रीडेला बसलेल्या माणसाला मात्र प्रहराप्रमाणं चालणाऱ्या गाण्याचं नवल वाटायचं कारण नव्हतं. माझ्या मते ‘कॉल ऑफ द व्हॅली’चा मोठेपणा याच ठिकाणी आहे. तिचं वादन गोड आहे, काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्त गोड आहे, पण तिचा क्रम पक्का आहे.

‘शिवकल्याणराजा’लाही हाच न्याय लावला पाहिजे. राज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली त्या १९७४ सालची ही निर्मिती. रामदास, भूषण, सावरकर, कुसुमाग्रज इतक्या लांबच्या कवींना एका माळेत ओवलं आहे, आणि धागा आहे बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या निवेदनाचा. निवेदन काढून नुसती गाणी वाजवली तर चाली तशाच थोर राहतात, पण कृती विस्कटते. राज्याभिषेकाच्या दोनच वर्षं आधी, १६७२ साली मराठ्यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरवलं ते साल्हेरला, याच खोऱ्याच्या माथ्यावर. तेव्हा नामपूरच्या माणसाला ही गाणी आपल्या गावची वाटली तर त्यात नवल नाही. प्रश्न एवढाच की ती त्याच्यापर्यंत पोचली कशी.

एल्.पी. घेऊन नक्कीच नाही. तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांत रेकॉर्डप्लेअर असे तो मुख्यतः लाउडस्पीकरवाल्याकडं. लग्नाच्या मांडवात, गणपतीत, यात्रेत अहुजाचा अँप्लिफायर आणि झाडाला बांधलेला भोंगा, आणि त्यावर काय वाजवायचं ते ठरवणार तो. घरातल्या माणसाच्या हाती गाणं आलं ते कॅसेटबरोबर, ऐंशीच्या दशकात. टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी किमती पाडल्या आणि एच्.एम्.व्ही.ची सद्दी संपली. पण छापील कॅसेटपेक्षाही या गावांची खरी गोष्ट आहे ती ‘भरून घेण्याची’. दुकानात डबल डेकचा टेपरेकॉर्डर, शेजारी रेघा मारलेली जाड वही, तिच्यात गाण्यांना नंबर. गिऱ्हाइकानं साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची, वहीतले नंबर चिठ्ठीवर उतरवून द्यायचे आणि दोन दिवसांनी न्यायला यायचं. बाजू संपत आली की शेवटचं गाणं अंतऱ्यातच तुटायचं. आतल्या कागदावर बॉलपेनानं यादी. पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे कान मोडायचे, आणि मन बदललं की त्या खाचांवर चिकटपट्टी लावून पुन्हा भरायचं. या याद्यांत पुष्कळदा पहिलं गाणं गणपतीचं असे, मग भूपाळी, अभंग, आणि दुसऱ्या बाजूला भावगीतं नाहीतर सिनेमाची. तमाशाचा गण आणि जागरणाचं आवाहन ज्याच्या अंगवळणी पडलंय त्या माणसानं लावलेला हा क्रम आहे. कंपनीनं तोडून दिलेली गाणी त्यानं आपल्या दिवसाच्या मापानं पुन्हा ओवली.

यावर जाणकार म्हणतील, ही तर खिचडी. दहा गायक, बारा संगीतकार, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. याला कृती कसं म्हणायचं? मग ‘सहेला रे’चीच रेकॉर्ड तपासू. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. दोन्ही रात्रीचे राग एवढं सोडलं तर दोन बाजूंना बांधणारा विचार त्यात नाही. भूपाची ती बाजू मराठी घरांनी हजार वेळा ऐकली असेल, आणि माझ्या मते तबकडीवर उतरलेलं याहून निर्मळ गाणं दुसरं नाही. पण ते थोर आहे ते एक गाणं म्हणून. ध्वनिमुद्रिकेच्या कसोटीला यादीतली सगळ्यांत लाडकी रेकॉर्डच उतरत नाही. उलट निव्वळ निवडीतून कृती होते याचाही दाखला आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी आकाशात गेली तीत जगभरच्या संगीताचे २७ तुकडे कार्ल सेगन यांच्या मंडळानं वेचून लावले, आणि त्यांत केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. मानवजातीनं सर्वांत दूर पाठवलेला संगीतसंच हा शेवटी भरून घेतलेलाच आहे. सेगन निवड करतात तेव्हा ती रचना, आणि नामपूरचा शेतकरी करतो तेव्हा ती खिचडी, हा न्याय मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. भरून घेणं ही चोरी होती. गायकाला, कवीला एक पैसा मिळत नव्हता. कायदा त्याविरुद्ध होता आणि १९८४ साली तो आणखी कडक झाला. हे खरं आहे, आणि आवाजाचं मातेरं होत होतं हेही खरं. त्याची सफाई देण्यात अर्थ नाही. पण त्याच स्वस्त फितीमुळं ज्यांना एल्.पी.च्या काळात दार उघडलं नव्हतं ते आत आले. अहिराणी लग्नगीतांच्या आणि कानबाईच्या गाण्यांच्या कॅसेटी निघाल्या. प्रल्हाद शिंदे घराघरांत पोचले. याच नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक यांची गाणी १४ एप्रिलला वस्तीवस्तीत वाजू लागली ती कॅसेटवरच. भीमगीतांच्या कॅसेटी नीट ऐकल्या तर जन्म, महाडचा सत्याग्रह, दीक्षा असा चरित्राचा धागा त्यांत वारंवार सापडतो. ‘गीतरामायणा’ला चरित्रगायन म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी इथं मात्र ‘प्रचारगीतं’ म्हणून पान उलटावं, ही रसिकता नव्हे. या कॅसेटींतलं वाद्यवृंदाचं काम पुष्कळदा ढोबळ आहे, सिंथेसायझर कानाला बोचतो. तरी प्रल्हाद शिंद्यांचा उघडा, वरच्या पट्टीत न फाटणारा आवाज यादीबाहेर ठेवण्याइतकं सबळ कारण ते नाही.

आता चाक पुन्हा फिरलं आहे. खानदेशी गाणी मोबाइलवर एकेक सुटी येतात, काहींना महाराष्ट्रभर तुफान प्रेक्षक मिळतात, आणि लांबी पुन्हा तीन-चार मिनिटांवर आली आहे. पुढचं कुठलं गाणं लागावं ते यंत्र सुचवतं. ७८ गतीच्या तबकडीनं जे केलं त्याहून हे फार निराळं नाही. मुल्हेरची कोजागरी चालू आहे, त्यामुळं क्रमाची ती समज बुडाली असं म्हणायला मी तयार नाही. पण कॅसेटींची फीत दमट हवेत बुरशी धरते, आणि भरून घेतलेल्या कॅसेटीची दुसरी प्रत कुठल्याच कंपनीकडं नसते. नामपुरात, सटाण्यात, मालेगावात कुणाच्या ट्रंकेत अशी कॅसेट निघाली तर ती मोबाइलमध्ये उतरवून घ्यावी. उतरवताना गाणी सुटी करू नयेत. आहेत त्याच क्रमानं, बाजू संपताना तुटलेल्या गाण्यासकट ठेवावीत, आणि आतल्या कागदावरच्या बॉलपेनच्या यादीचा फोटोही काढून ठेवावा.