सिरोंच्याचा जलमार्ग आणि संकेतस्थळांची चौकट

संकेतस्थळ उभारताना कोणती तांत्रिक चौकट स्वीकारावी, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकास परका वाटतो. आम्हांसही तो बराच काळ तसाच वाटे. सिरोंच्याचा इतिहास चाळताना मात्र तो आपलाही आहे, हे ध्यानात आले.

सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीस मिळते. नागपूर-वऱ्हाडचा कापूस या नद्यांवरून थेट पूर्व समुद्रास न्यावा, ही सर आर्थर कॉटन यांची कल्पना. धवळेश्वरमचा बंधारा (१८४७-५२) बांधून गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचे भाग्य पालटणारे हे अभियंते रेल्वेपेक्षा जलवाहतूक स्वस्त, असे हिरिरीने मांडत. नदी तर आयतीच वाहते आहे. वाटेतल्या तीन मोठ्या खडकाळ टप्प्यांना वळसा घालणारे कालवे खोदले की काम झाले, असा हिशेब होता. १८६१ पासून दहा वर्षे या मार्गावर काम चालले. परंतु आयत्या नदीचे वेळापत्रक तिचे स्वतःचे असते: पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात वाळू. दरम्यान १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरास पोचली. ऑक्टोबर १८७१ मध्ये भारत सरकारने योजना सोडून दिली. सिरोंचा ज्याचे मुख्यालय होते तो अप्पर गोदावरी जिल्हाही १८७४ मध्ये मोडला गेला. कॉटन यांची बुद्धी तोकडी नव्हती; खालच्या गोदावरीने दिलेला विश्वास त्यांनी वरच्या गोदावरीवर टाकला, इतकेच.

चौकट ही अशीच आयती नदी. सदस्यनोंदणी, लेखनाची साठवण, प्रतिसाद, शोध ही कामे प्रत्येकाने मुळापासून करण्याचे कारण उरत नाही. बेल्जियमच्या ड्रीस बाउटार्ट यांनी २००१ मध्ये खुले केलेले द्रुपल मराठी संकेतस्थळांनी याच कारणाने आपलेसे केले. मनोगत (२००४), मिसळपाव (२००७), ऐसी अक्षरे (२०११) ही त्याच पायावर उभी राहिली. १९९६ पासूनची मायबोलीही पुढे तिकडे वळली. ही निवड चुकली असे आम्ही म्हणणार नाही. मूठभर हौशी माणसांना पदरचे फार न मोडता एवढे लेखन सांभाळता आले, ते तिच्यामुळेच.

किंमत मागाहून कळते. नोव्हेंबर २०१५ मधील द्रुपल ८ ची अंतर्रचना इतकी बदलली, की सातव्या आवृत्तीसाठी लिहिलेली जोडकामे तिच्यात चालेनात. हे नूतनीकरण नव्हते, स्थलांतर होते. सातव्या आवृत्तीला अनेकदा मुदतवाढ मिळाली आणि ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा अधिकृत आधार संपला. पगारी तंत्रज्ञ नसलेल्या मंडळींनी अशा वेळी काय करावे?

येथे त्या काळातील दुसरी, कमी गाजलेली बांधिलकी उपयोगी पडते: युनिकोड. 'शिवाजी'सारख्या जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर वस्तुतः रोमन चिन्हांत साठवलेला असे. टंक हरवला की उरे ती निरर्थक अक्षरांची रास. युनिकोडमधील मराठी मात्र कोणत्याही चौकटीतून बाहेर काढली तरी मराठीच राहते. पहिली बांधिलकी साधनाशी होती, दुसरी अक्षराशी.

तरीही केवळ अक्षर वाचणे पुरेसे नाही. लेखाखालचा वाद कोणी कोणाला, केव्हा उत्तर देत वाढवला, तो क्रम हरवला तर समीक्षेच्या इतिहासाचा पुरावाच हरवतो. पत्ते बदलले तर प्रबंधांतील संदर्भ पोरके होतात. म्हणून चौकट निवडताना 'आरंभ किती सोपा' यापेक्षा 'निघताना काय काय सोबत नेता येईल' हे आधी विचारावे. आणि हा प्रश्न तंत्रज्ञांवर न सोडता मराठीच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी विचारावा. नदी सोडावी लागते, तेव्हा नावेतला माल उतरवून घेण्याची सोय आधीच केलेली असावी.