झीनोचे विरोधाभास

गती, अवकाश व काल यांविषयीच्या रूढ समजुती तर्काच्या कसोटीवर टिकत नाहीत, असे दाखवू पाहणारे प्राचीन ग्रीक युक्तिवाद. त्यांचा कर्ता झीनो (इ. स. पू. सु. ४९०–४३०) हा दक्षिण इटलीतील ईलीआ या ग्रीक वसाहतीचा रहिवासी. सत् एकच आणि अचल आहे, या त्याचा गुरू पार्मेनिडीझ याच्या मताची टर उडवली जाई. त्याला उत्तर म्हणून झीनोने प्रतिपक्षाचीच गृहीतके मान्य करून त्यांतून अशक्य निष्कर्ष काढले. त्याचे लेखन जवळजवळ सगळे नष्ट झाले आहे. गतीविषयीचे चार युक्तिवाद ॲरिस्टॉटलच्या ‘फिजिक्स’मुळे, म्हणजे ते खोडून काढणाऱ्यामुळेच, टिकले.

सर्वांत गाजलेला युक्तिवाद ग्रीक वीर अकिलीझ व कासव यांच्या शर्यतीचा. (कासव ॲरिस्टॉटलच्या मजकुरात नाही, ते पुढच्या भाष्यकारांकडून आले.) कासव १०० मीटर पुढे आहे. अकिलीझ तिथे पोहोचेतो ते थोडे सरकते. ते अंतर तोडेतो आणखी थोडे. मग तो त्याला गाठणार कधी? अकिलीझचा वेग सेकंदाला १० मीटर व कासवाचा १ मीटर धरला, तर १० + १ + ०.१ + … या अनंत श्रेणीची बेरीज सुमारे ११.११ सेकंद येते. एकोणिसाव्या शतकात कोशी प्रभृती गणितज्ञांनी अशा बेरजेला काटेकोर अर्थ दिला. मात्र तिने ‘कधी’चे उत्तर मिळते, ज्या मालिकेला शेवटचे पाऊलच नाही ती संपते कशी, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी सोडलेला नाही. अर्ध्याचे अर्धे करत जाणारा ‘द्विभाजना’चा युक्तिवादही याच जातीचा.

बाणाचा युक्तिवाद अधिक खोल आहे. प्रत्येक क्षणी बाण स्वतःएवढीच जागा व्यापतो, म्हणून त्या क्षणी तो स्थिर. मग क्षणांनीच बनलेल्या काळात तो हलतो केव्हा? काळ अविभाज्य क्षणांचा बनलेलाच नाही, असे ॲरिस्टॉटलचे उत्तर. बर्ट्रंड रसेलने उलटी वाट धरली: वेगवेगळ्या क्षणी वेगवेगळ्या ठिकाणी असणे, एवढीच गती, क्षणाच्या पोटात तिला शोधू नये. चौथा, समोरासमोरून जाणाऱ्या रांगांचा युक्तिवाद सापेक्ष वेगाच्या गोंधळावर उभा आहे, असे ॲरिस्टॉटल म्हणतो.

अवकाशाविषयीचा पेच एका ओळीचा आहे: जे आहे ते कुठेतरी असते, जागाही असेल, तर तिला दुसरी जागा हवी, तिला तिसरी.

वैद्यनाथ मिश्र व ई. सी. जी. सुदर्शन यांनी १९७७ मध्ये पुंजभौतिकीतील एका परिणामाला झीनोचे नाव दिले: अस्थिर प्रणालीचे अखंड निरीक्षण केले तर तिचा क्षय थांबतो. साम्य बाणाशी आहे. मात्र झीनोचा युक्तिवाद या परिणामाने सिद्ध होत नाही.