गड आला, पण…

बँकेत वीस वर्षं खतावण्या लिहिल्या, की माणसाला गावसुद्धा खातंच वाटू लागतं. आमच्या पन्हाळ्याचंच घ्या. जमेची बाजू काय दांडगी! शिलाहार राजा भोज, आदिलशाही, शिवाजी महाराज, ताराराणी. कवी मोरोपंतांचा जन्मही इथलाच, १७२९ सालचा. अंबरखान्यातल्या गंगा, यमुना, सरस्वती या धान्यकोठारांपुढे आमची स्ट्राँगरूम म्हणजे फडताळ! जुलै २०२५ मध्ये तर युनेस्कोनेही गडाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

शिल्लक मात्र पाहा. २००१ च्या जनगणनेत गावात माणसं ३,४५०. २०११ मध्ये ३,१२१. दहा वर्षांत ३२९ कमी! १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटायला महाराजांना भर पावसातली रात्र निवडावी लागली. शिवा काशीद आणि बाजीप्रभूंचे प्राण खर्ची पडले. आताच्या पोरांना कोल्हापूरची एसटी पुरते. वीसेक किलोमीटर, बस्स.

झुणका-भाकर देणाऱ्या मावशींना मी यादीची बातमी सांगितली.

"म्हंजे गड आला म्हणायचा," भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "पर पोरं गेली की, सायेब!"

मी पडलो हिशेबी माणूस. म्हटलं, "मावशी, महाराज १६६० ला गेले, पण १६७३ ला गड परत घेतलाच ना? तेरा वर्षं लागली."

मावशींनी भाकरी उलटली.

"थोरल्याला जाऊन अकरा झाली," त्या म्हणाल्या. "म्हंजे दोन हाईत अजून."