डबा आधीं, किल्ली मागाहून

कुलूप घडविणारा कारागीर त्याच बैठकीला किल्लीही घडवितो. किल्लीवांचून कुलूप विकावयास मांडणाऱ्याला लोक वेड्यांत काढतील. परंतु हवाबंद अन्नाच्या डब्याच्या बाबतींत हें वेडेपण सबंध युरोपनें ४५ वर्षें शांतपणें चालू दिलें. पत्र्याच्या डब्यांत अन्न टिकविण्याचें पेटंट इंग्लंडांत १८१० सालीं निघालें. तो डबा उघडण्यासाठीं मुद्दाम योजिलेलें हत्यार आलें १८५५ सालीं. मधल्या काळांत डबे तयार झाले, विकले गेले, पृथ्वीच्या टोंकापर्यंत जाऊन आले; आणि जेथें जेथें ते गेले तेथें तेथें त्यांचीं झांकणें कोणींतरी, कशानें तरी फोडलींच. हा उशीर कां झाला, आणि उशिरां आलेल्या त्या हत्याराला आजचें ओळखीचें रूप येण्यास आणखी पाऊणशें वर्षें कां लागलीं, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. कित्येकांच्या हातांवरचे व्रण त्यांत गुंतलेले आहेत.

मूळ कल्पना फ्रान्सांतील. निकोला आपेर हा धंद्यानें मिठाईवाला. जाड कांचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचें घट्ट बसवून, त्यानें त्या बाटल्या बराच वेळ उकळत्या पाण्यांत ठेविल्या, आणि आंतील अन्न दीर्घ काळ नासत नाहीं हें दाखवून दिलें. तें कां नासत नाहीं हें त्याला ठाऊक नव्हतें. त्याचा उलगडा पुढें सुमारें अर्ध्या शतकानें पाश्चरच्या संशोधनांतून झाला. आपली कृति जाहीर करण्याच्या अटीवर फ्रेंच सरकारनें आपेरला १८१० सालीं १२,००० फ्रँक दिले. त्याच्या बाटलीला उघडण्याची अडचण नव्हती, कारण बूच काढणें सर्वांसच येत होतें. अडचण होती ती कांच फुटण्याची. त्याच वर्षीं लंडनमध्यें पीटर ड्युरँड यानें घेतलेल्या पेटंटांत कांच व माती यांच्याबरोबर कथलाच्या व इतर धातूंच्या भांड्यांचाही उल्लेख आला, आणि १८१३ च्या सुमारास ब्रायन डाँकिन व जॉन हॉल यांच्या मंडळींनीं लंडनच्या बर्मंडसी भागांत कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या डब्यांचा कारखाना उभा केला. फुटण्याची भीति गेली. पण तिच्याबरोबर बूचही गेलें.

हे आरंभींचे डबे अंगापिंडानें पैलवान होते. पत्रा हातानें कापून, वांकवून, सांध्यांवर डाख ओतून एकेक डबा तयार होई. वरच्या बाजूस एक भोंक ठेवीत. त्यांतून मांस किंवा भाजी भरीत. भोंकावर चकती डाखून टाकीत. आणि चकतीच्या मधल्या बारीक छिद्रांतून वाफ निघून गेली कीं त्यावर डाखाचा शेवटचा थेंब सोडीत. वर आलेला कांठ नाहीं, पकड नाहीं, कोठें नख लावावें अशी जागा नाहीं. डबा बंद करणाऱ्याचें सारें लक्ष एकाच गोष्टीवर खिळलेलें होतें : हवा आंत जातां कामा नये. हवेबरोबर धन्यालाही आंत जातां येईना, ही गोष्ट त्याच्या हिशेबांतच नव्हती.

गिऱ्हाईक कोण होतें हें पाहिलें म्हणजे उशिराचें अर्धें कारण कळतें. हे डबे घेई ब्रिटिश आरमार, आणि घेत ध्रुवप्रदेशाकडे निघालेले दर्यावर्दी. कॅप्टन विल्यम एडवर्ड पॅरी हा अमेरिकेच्या उत्तरेकडील समुद्रमार्ग शोधावयास १८२४ सालीं पुन्हां निघाला, तेव्हां त्याच्या शिध्यांत वासराच्या भाजलेल्या मांसाचे डबे होते. त्यांतील एका डब्यावरची सूचना प्रसिद्ध आहे : झांकण बाहेरच्या कडेजवळून छिन्नी व हातोडीनें गोल कापावें. तो डबा त्या सफरीवरून न उघडतांच परत आला व शंभराहून अधिक वर्षांनीं शास्त्रज्ञांनीं उघडला, तेव्हां आंतील मांस नासलेलें नव्हतें. जहाजावर सुतार असतो, त्याची छिन्नी असते, आणि बर्फांत अडकलेल्या माणसांना वेळेचा तोटा नसतो. पॅरीच्या ताफ्यांतील ‘फ्युरी’ हें जहाज १८२५ सालीं बर्फाच्या माऱ्यानें निकामी झालें, व त्यावरील शिधा किनाऱ्यावर तसाच सोडून द्यावा लागला. पुढें जॉन रॉस याच्या तुकडीला आपलें अडकलेलें जहाज सोडून पायीं निघावें लागलें, तेव्हां ती याच किनाऱ्याला आली, आणि १८३२-३३ चा हिंवाळा तिनें ‘फ्युरी’च्या शिध्याच्या आधारावर काढला. अशा ठिकाणीं झांकण कशानें फोडावें लागतें याची तक्रार कोण करील? सैनिकांनींही संगिनीच्या टोंकानें किंवा खिशांतल्या चाकूनें आपलें काम भागविलें.

खरी अडचण सुरू झाली ती डबा जहाजावरून घरांत आला तेव्हां. शतकाच्या मध्यास पत्रा पातळ होत गेला, उत्पादन वाढलें आणि डबा सामान्य माणसाच्या फडताळांत येऊन बसला. त्या घरांत छिन्नी नसे, आणि असली तरी ती स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातांतली वस्तु नव्हे. १८५५ सालीं लंडनच्या हॅकनी रोडवरील रॉबर्ट येट्स यानें जें हत्यार काढलें, त्याचा रोख या नव्या परिस्थितीकडे दिसतो. येट्सचा धंदा सुऱ्या व शस्त्रवैद्यांचीं हत्यारें करण्याचा. कापण्याच्या कलेंत मुरलेला हा माणूस होता. त्याचें हत्यार म्हणजे मुठीच्या टोंकाला नखासारखें पातें. झांकणाच्या कडेजवळ तें नख खुपसावयाचें आणि मूठ तरफेसारखी वर-खालीं करीत पत्र्याचे लहान लहान लचके तोडीत पुढें सरकावयाचें. छिन्नीपेक्षां हें कितीतरी बरें. परंतु या रीतींत एक हात मूठ दाबी तेव्हां दुसऱ्या हाताला डबा घट्ट धरून ठेवावा लागे, आणि पातें घसरलें तर तें नेमकें त्या दुसऱ्या हातावर येई. न घसरलें तरी कापलेली कड करवतीसारखी दंतुर राही, व झांकण उचलतांना बोट कापे. पुढल्या सर्व सुधारणांचा इतिहास म्हणजे या डबा धरणाऱ्या हाताला संकटांतून सोडविण्याचा इतिहास होय.

अमेरिकेंत कनेक्टिकट प्रांतांतील वॉटरबरी गांवच्या एझ्रा वॉर्नरनें जानेवारी १८५८ मध्यें आपलें पेटंट घेतलें. त्याच्या हत्याराला झांकण भोसकण्यासाठीं एक अणकुचीदार पातें, आणि कडेनें कापीत जाण्यासाठीं दुसरें विळ्यासारखें वांकडें पातें होतें. पहिलें पातें फार खोल जाऊं नये म्हणून त्यानें एक अडसरही बसविला होता. तेथील यादवी युद्धांत (१८६१-६५) सैन्यांत हें हत्यार चाललें. घरांत मात्र तें रमलें नाहीं. मुलेंबाळें वावरतात त्या स्वयंपाकघरांत असलें उघडें पातें कोण ठेवील? वाणी आपल्या दुकानांतच डबा उघडून गिऱ्हाइकाच्या हातीं देई, अशी त्या काळची हकीकत सांगतात. वर्षानुवर्षें टिकावें म्हणून एवढ्या खटाटोपानें कोंडलेलें अन्न उंबरठा ओलांडण्यापूर्वींच उघडें पडे, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

त्यानंतरच्या दशकांत इंग्लंडांत गोमांसाच्या डब्यांबरोबर बैलाच्या मुंडक्याच्या आकाराचें बिडाचें ओपनर मिळूं लागलें. दिसण्यांत तें गमतीचें होतें. काम येट्सच्याच नखाचें करी. न्यूयॉर्कच्या ऑस्टरहाउटनें १८६६ सालीं वेगळीच वाट धरली. डब्याच्या पत्र्यालाच त्यानें एक जीभ ठेविली, आणि ती फट असलेल्या किल्लींत अडकवून गुंडाळीत गेलें म्हणजे पत्र्याची पट्टी सुटून येई. सार्डीन मासळीचे डबे पुष्कळ दिवस या रीतीनें उघडले जात. पण तशी जीभ प्रत्येक डब्याला असावी लागे, आणि किल्ली हरवली कीं सारेंच अडलें.

ओपनर जवळ नसला म्हणजे काय होतें, याचें चित्र जेरोम के. जेरोमच्या ‘थ्री मेन इन ए बोट’ या १८८९ च्या पुस्तकांत आहे. अननसाचा डबा घेऊन नदीवर निघालेले तिघे गृहस्थ ओपनर घरींच विसरतात. चाकूनें एकाचा हात कापतो, कात्री दुसऱ्याच्या डोळ्यावर उडतां उडतां राहते, नावेचा आंकडा निसटून तिसरा चिखलांत पडतो. आणि अखेरीस डोलकाठीनें ठोकठोकूनही न फुटलेला डबा नदींत भिरकावला जातो. वाचक हंसतो खरा, पण येट्सचें हत्यार निघून ३४ वर्षें झालीं असतांही ही फजिती इंग्रज वाचकाला पटण्याजोगी वाटत होती, हें विसरूं नये.

खरी नवी कल्पना याच्या आधींच, १८७० सालीं, कनेक्टिकटमधीलच वेस्ट मेरिडनच्या विल्यम लायमनला सुचली होती. भोसकणें आणि तोडणें त्यानें टाकून दिलें व कापण्याचें काम एका धारदार चाकाकडे सोंपविलें. भूमितीच्या तासाला विद्यार्थी कर्कटकानें वर्तुळ काढतात, तीच ही रीत. एक अणी झांकणाच्या मध्यावर रोवावयाची, दांडा डब्याच्या त्रिज्येइतका लांब-आंखूड करावयाचा, आणि दांड्याच्या टोंकाचें चाक कडेनें गोल फिरवावयाचें. कापलेली कड पूर्वींच्या मानानें सुबक निघे. पण अणी बरोबर मध्यावरच लागली पाहिजे, ती आधीं हातानें खुपसलीच पाहिजे, प्रत्येक मापाच्या डब्याला दांडा नव्यानें जुळविला पाहिजे, आणि डबा गोलच असला पाहिजे. आपल्याकडील रॉकेलच्या चौकोनी डब्यापुढें लायमनच्या कर्कटकानें हातच टेकले असते.

लायमनचें चाक बरोबर होतें. त्याला धांवावयास रूळ नव्हता. तो रूळ ओपनर करणाऱ्यांनीं घातला नाहीं, डबा करणाऱ्यांनीं घातला, आणि तोही निराळ्याच कारणासाठीं. डाखांतील शिशाचा अन्नाला स्पर्श होऊं नये, डबा झपाट्यानें बंद करतां यावा, म्हणून न्यूयॉर्कच्या ॲम्स मंडळींनीं झांकणाची व अंगाची कड एकमेकींत दुमडून दाबण्याची पद्धत सिद्धीस नेली. १९०४ सालीं तिच्या प्रसारासाठीं ‘सॅनिटरी कॅन कंपनी’ निघाली. धोतराची शिवण उलटून पुन्हां घालावी तशी ही पत्र्याची दुहेरी शिवण. तिच्यांत पत्र्याचे पांच पदर एकावर एक येतात, आणि डब्याच्या तोंडाभोंवतीं एक मजबूत कांठ उभा राहतो. या कांठावांचून पुढची सुधारणा सुचणें कठीणच होतें.

१९२५ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या ‘स्टार कॅन’ कंपनीनें कापणाऱ्या चाकाला दुसऱ्या, दांतेरी चाकाची जोड दिली. हें दुसरें चाक कांठाला खालून धरतें. बाहेरची किल्ली फिरविली कीं दांते कांठाला पुढें ओढतात, आणि डबा आपल्याच पायानें चालत पात्याकडे येतो. विळीवर भाजी चिरणाऱ्या गृहिणीला यांत नवल वाटूं नये. पातें जागच्या जागीं, आणि चिरावयाची वस्तु हालती, हा विळीचाच न्याय. फरक एवढाच कीं विळीवर बोटें पात्याशेजारीं असतात. येथें तीं पात्यापासून दूर किल्लीवर गेलीं. १९३१ च्या सुमारास कॅन्सस सिटीच्या चार्लस बंकर यानें यावर अखेरचा हात फिरविला. त्यानें अडकित्त्यासारखे दोन दांडे जोडले. मिटल्याबरोबर धारदार चाक पत्र्यांत रुततें आणि दोन्ही चाकें कांठाला चिमट्यांत धरतात. पहिलें भोंक पाडण्यासाठीं जी भोसकाभोसकी लागे ती संपली. डबा धरणाऱ्या हाताला आतां नुसते दांडे मिटून धरावे लागतात. डबा ओपनरला आपणच लटकून राहतो. आज दुकानांत मिळणारें साधें हातओपनर बहुतांशीं बंकरचेंच आहे.

इतकें झाल्यावर जुनें नख अडगळींत जावें हें स्वाभाविक होतें, पण तसें झालें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याला डब्यांतला शिधा देतांना, १९४२ च्या उन्हाळ्यांत शिकागोच्या लष्करी अन्नसंशोधन प्रयोगशाळेंत पी-३८ हें ओपनर तयार झालें : दीड इंचाची पत्र्याची पट्टी, आणि तिला बिजागरीवर मिटणारें एक नख. एक डबा उघडावयास ३८ वेळां भोसकावें लागतें म्हणून हें नांव, असें सैनिक सांगत. येट्सचेंच तें नातवंड. पण त्याला वजन नव्हतें, मोडण्याजोगें त्यांत कांहीं नव्हतें, आणि गळ्यांतल्या ओळखपट्टीच्या सांखळींत तें सहज अडकविण्यासारखें होतें. खंदकांत बसलेल्या माणसाला चाकांची काय मातब्बरी! पुढें १९८० नंतरच्या दशकांत सैन्याचा शिधा डब्यांतून पिशव्यांत गेला, तेव्हां पी-३८ चें काम संपलें.

१९५९ सालीं ओहायओ प्रांतांतील डेटनचा अरमल फ्रेझ हा सहलीला गेला असतां ओपनर घरीं विसरला, व पेयाचा डबा त्याला मोटारीच्या बंपरवर फोडावा लागला. जेरोमच्या तिघांहून त्याचें नशीब बरें, कारण तो यंत्रकारागीर होता. झांकणांतच ओढण्याची कडी बसविण्याची युक्ति काढून त्यानें १९६३ सालीं तिचें पेटंट मिळविलें. कुलुपाबरोबर किल्ली मिळावी ही अपेक्षा अशा रीतीनें ड्युरँडच्या पेटंटानंतर दीडशें वर्षांनीं पुरी झाली. तथापि कडी नसलेले डबे आजही विकले जातात, आणि त्यांच्यासाठीं बंकरचे दोन दांडे खणांत राहतातच. फक्त डावखोऱ्या माणसाला त्यांचा जांच होतो. नेहमींच्या ओपनरची किल्ली उजव्या हातासाठीं बसविलेली असते, आणि डावऱ्यानें तें धरलें कीं एक हात दुसऱ्यावरून आडवा घालून किल्ली फिरवावी लागते.