माजघरातला हाय-फाय

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. गाव म्हणजे किन्हवलीच्या पुढे, जिथे शहापूर तालुका संपत येतो आणि मुरबाड सुरू होतो त्या पट्ट्यात. चुलतभावाने, म्हणजे दादाने, जुन्या घराला लागून स्लॅबची एक नवी खोली बांधलीय. १४ फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच. खाली चकचकीत टाइल्स, भिंतींना पुट्टी. मी मनात म्हटलं, चला, आपली लिसनिंग रूम झाली! फ्लॅटमध्ये आवाज जरा वाढवला की खालच्या मजल्यावरून फोन येतो. इथे शेजारी म्हणजे भाताची खाचरं. अँप्लिफायर, दोन स्पीकर, टर्नटेबल, सगळा संसार गाडीत घालून नेला.

आणि मंडळी, फजिती झाली. मल्लिकार्जुन मन्सूरांची तान समोरच्या भिंतीवर आपटून मागच्या तानेवर येऊन पडत होती. डग्गा तर पाण्याच्या टाकीत वाजवल्यासारखा. महिन्याच्या पगाराचे स्पीकर आणि आवाज एस.टी. स्टँडवरच्या घोषणेचा. काका दहा मिनिटं ऐकून "छान आहे हो" म्हणाले आणि उठून गेले. काका "छान आहे हो" म्हणतात तेव्हा काय समजायचं ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीला रंगाचा शेवटचा हात द्यायचा होता, म्हणून सामान उचलून जुन्या माजघरात ठेवलं. नुसतं ठेवलं, एक स्पीकर कणगीशेजारी आणि एक देव्हाऱ्याखाली. संध्याकाळी सहज तीच रेकॉर्ड लावली. काका येऊन बसले ते दोन्ही बाजू संपेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "आता बुवा समोर बसले."

स्पीकर तेच, अँप्लिफायर तोच, रेकॉर्ड तीच. बदलली फक्त खोली. आमच्यासारख्या संगणक हमालाला अशा वेळी झोप येत नाही, डीबगिंग सुरू होतं. या डीबगिंगमध्येच मी इतिहासात शिरलो.

हाय-फायचा इतिहास नेहमी यंत्रांचा सांगतात: कर्णा, व्हॉल्व्ह, एल.पी., सीडी. खोलीचा इतिहास कुणी सांगत नाही. तो सुरू होतो १८९५ साली हार्वर्डमध्ये. तिथल्या फॉग म्युझियमच्या नव्या व्याख्यानगृहात प्राध्यापकाचं एक वाक्य मुलांना कळेना, कारण मागचं वाक्य अजून हवेत असायचं. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं गेलं, बघ काय करता येतं. त्याच्याकडे होती ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान. सूर बंद केल्यावर आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते तो मोजायचा, तेही मध्यरात्रीनंतर, रस्ते शांत झाल्यावर. रिकाम्या खोलीत वेळ आला साडेपाच सेकंद. मग शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून एकेक अंथरत गेला, तसा वेळ उतरत गेला आणि सगळीकडे गाद्याच गाद्या झाल्यावर सेकंदाच्या जरा वर येऊन थांबला. सकाळी गाद्या परत नेऊन ठेवायच्या! अंगावरच्या कपड्यांनीसुद्धा आकडा बदलतो हे लक्षात आल्यावर त्याने हजारो नोंदी फेकून दिल्या आणि पुढे रोज तेच कपडे घालून मोजमाप केलं. (बायकोला हे वाक्य वाचून दाखवलं. तिने माझ्या टी-शर्टकडे पाहिलं.)

१८९८ मध्ये त्याला सूत्र सापडलं. आजच्या एककांत, खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१ भागिले खोलीचं एकूण शोषण. शोषण मोजायचं एककही मस्त: उघडी खिडकी. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे एक चौरस मीटर उघडी खिडकी बरोबर एक. गादी, घोंगडी, माणूस, सगळ्यांची किंमत उघड्या खिडकीच्या भाषेत. याच सूत्राच्या जोरावर उभा राहिलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल १९०० मध्ये उघडला.

याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं? १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यात उतरला आणि नोव्हेंबरात गौहर जानचं गाणं तबकडीवर उतरलं. त्याच्या जेमतेम दीड-पावणेदोन वर्षं आधी, फेब्रुवारी १९०१ मध्ये, भाऊराव कोल्हटकर गेले. किर्लोस्कर मंडळीचे भावड्या, ज्यांच्या आवाजाबद्दल मराठीत पानंच्या पानं लिहिली गेली. एक सेकंदही ऐकू येत नाही आज. मला याची उगाच हळहळ वाटते. पुढे जे लिहिलंय त्याच्याशी याचा संबंध आहे, म्हणून लक्षात ठेवा.

त्या काळी गाणारा कर्ण्यात तोंड घालून ओरडायचा आणि सुई ते मेणात कोरायची. वीज नाही, मायक्रोफोन नाही. साधारण दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचं काही उतरायचं नाही आणि खालचा खर्जही गायब. १९२५ मध्ये विजेचं ध्वनिमुद्रण आलं तेव्हा परिस्थिती सुधारली, पण घराघरातले ग्रामोफोन कर्ण्याचेच राहिले. यात एक गंमत आहे. खालचे सूरच नसले की खोलीला घुमायला काही मिळत नाही. म्हणून ग्रामोफोन दिवाणखान्यात वाजवा, चहाच्या दुकानात वाजवा नाहीतर लग्नाच्या मांडवात, तो सगळीकडे सारखाच किरटा वाजायचा. खोली निर्दोष सुटायची.

रेडिओचंही तेच. ठाण्यात मर्फीचा कारखाना होता, आणि आमच्या जिल्ह्यात 'मर्फी' म्हणजेच रेडिओ असा अर्थ कित्येक वर्षं होता. पोस्टात लायसन्सची फी भरायची, ओटीवर उंच फळीवर सेट ठेवायचा, खाली निम्मं गाव. १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, ५६ गाणी, दर आठवड्याला एक. लोक रेडिओला हार घालून ऐकायचे. काका सांगतात, आमच्याकडे सेट आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि बॅटरीवर चालायचा. एका पाच-सहा इंची स्पीकरसमोर ओटीवर तीस माणसं. सॅबिनच्या हिशेबाने एक माणूस म्हणजे जवळजवळ अर्धी उघडी खिडकी. तीस माणसांत पंधरा चौरस मीटर! शिवाय ओटीची एक बाजू उघडीच. यापेक्षा चांगली ट्रीटमेंट मी आजवर पैसे देऊनही केलेली नाही.

खर्ज घरात आला तो एल.पी.मुळे. अमेरिकेत १९४८ ला, आपल्याकडे पन्नाशीच्या दशकात. ७८ च्या तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटांत राग संपवायला लागायचा, आता बावीस मिनिटं बसून आलाप ऐकता येऊ लागला. तंबोऱ्याची खर्जाची तार, डग्ग्याचा घुमारा, सगळं आत आलं. मग मोठे वूफर आले, 'हाय-फाय' हा शब्द आला. आपल्याकडे आयातीवर जबर जकात, त्यामुळे एक तर कुणाचा तरी मेव्हणा गल्फहून आणणार किंवा देशी माल. १९७० मध्ये कलकत्त्यात सोनोडाईन सुरू झाली, आणि पुढे आपल्या पुण्यात केडन्सने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवून बाहेरच्या देशांत विकले, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? त्याच सत्तरीत बीबीसीच्या लोकांनी बाहेरच्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीत मावेल असा चिमुकला मॉनिटर केला, एल.एस.३/५ए. त्यांना अडचण कळली होती: डबा लहान असेल तर त्यात मोठा खर्ज सोडून उपयोग नाही, तो फक्त घुमतो.

मुंबईत १९८० साली एनसीपीएचं टाटा थिएटर उघडलं. वास्तुरचना फिलिप जॉन्सनची, ध्वनिरचना सिरिल हॅरिसची, आणि मागणी अशी की आपलं गाणं माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं. म्हणजे खोलीसुद्धा जुळवायची असते, तंबोऱ्यासारखी, हे आपल्याकडे माहीत होतं. पण थिएटरपुरतं. घरात आपण तारांवर आणि डब्यांवर खर्च करत बसलो.

आणि नेमकी याच काळात घरं बदलली. माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. आवाजात खर्ज आला आणि घरातून माती गेली. मुंबईत हे लवकर झालं, आमच्याकडे शहापूर-मुरबाडला नव्वदीत आणि त्यानंतर.

आमचं जुनं घर बघा. आतल्या भिंती कुडाच्या: कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, दोन्ही बाजूंनी शेणमातीचा लेप. खर्जाचा ठोका बसला की अशी हलकी भिंत किंचित थरथरते आणि त्या थरथरण्यात त्याची ताकद खाऊन टाकते; उरलेला भिंतीपार निघून जातो. जमीन सारवलेली. वर मंगलोरी कौलं (ही मूळची १८६५ ची, मंगळूरच्या बासेल मिशनच्या कारखान्यातली), उतरतं छप्पर, त्यामुळे जमीन आणि छत एकमेकांसमोर आरशासारखी उभी नाहीत. कौलांच्या फटी म्हणजे शेकडो बारीक उघड्या खिडक्या. माळ्यावर पेंढा, गोधड्या, रिकामी पोती. कोपऱ्यात उतरंड. रिकाम्या मडक्यावर फुंकर मारल्यावर जो सूर निघतो, त्या सुराला ते मडकं गिळूही शकतं. युरोपातल्या काही जुन्या चर्चच्या भिंतींत अशी मडकी चिणलेली आहेत. आमच्या उतरंडीत डाळी असतात, त्यामुळे तिला श्रेय देता येत नाही. असो.

आता नवी खोली. तिचं घनफळ जवळजवळ ४० घनमीटर. टाइल्स आणि पुट्टी आवाजाचे दोन-तीन टक्केही खात नाहीत. लोखंडी कपाट, पलंग, दार धरून एकूण शोषण चार उघड्या खिडक्या. सूत्रात घाला, १.६ सेकंद येतात. लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड टाकून मोजलं तर १.५. सॅबिनबाबा की जय. माजघरात ०.४५!

त्यात रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट. दहा फुटांच्या दोन समांतर भिंतींमध्ये ५७ हर्ट्झचा सूर अडकून उभा राहतो, आणि इथे तो एकदा आडवा, एकदा उभा, असा दुप्पट. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ ला, डग्गा त्याच्याच आजूबाजूला. टाकीचा आवाज कुठून येत होता ते कळलं. सुरुवातीला कुणीतरी सांगितलं म्हणून अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. ते फक्त टाळीचा खणखणाट थोडा कमी करतात. ५७ हर्ट्झची लाट सहा मीटर लांब, तिला अंड्याचा ट्रे म्हणजे हत्तीला टाचणी.

शेवटी उपयोगी पडलं ते सगळं गावातलंच. म्हशाच्या यात्रेतून आणलेल्या घोंगड्या भिंतीपासून चार बोटं सोडून टांगल्या. मधली हवेची पोकळी महत्त्वाची, तिच्यामुळे घोंगडी आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करते. कापसाच्या जुन्या जाड गाद्या गुंडाळून चारी कोपऱ्यांत उभ्या केल्या, कारण खर्ज कोपऱ्यात साठतो. स्पीकर भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढले. खुर्ची बरोबर मध्यावरून हलवली, कारण लांबीचा पहिला सूर तिथे शून्य होतो. अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून नव्याने केला, तेव्हा स्पीकरमधली घुरघुर थांबली. आता ०.६ वर आलंय. काका बसतात. पण "बुवा समोर बसले" पुन्हा म्हणाले नाहीत.

पावसाळ्यात हे सगळं बंद, हे सांगायला हवं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर छपरावर जे वाजतं त्याच्यापुढे कुठलाही अँप्लिफायर हरतो, आणि एल.पी.च्या कव्हरवर बुरशी येते ती वेगळीच. ऐकायचा मोसम दिवाळी ते मे.

आता अवघड भाग. दादा या वर्षी जुनं घर पाडणार आहे. मी गडबडून त्याला ग्राफ दाखवले, ०.४५ वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझं बरंय रे," तो म्हणाला, "तू दोन दिवस येणार, गाणं ऐकणार नि जाणार. शाकारणीला कौलांवर कोण चढणार? कारवी तोडायला गेलो तर फॉरेस्टवाले धरतात. वाळवीने वासे खाल्लेत. मागच्या श्रावणात वहिनीच्या उशाशी नाग निघाला, तेव्हा तुझा तो मायक्रोफोन कुठे होता?"

उत्तर नव्हतं, अजूनही नाही. ज्या घरात मी राहत नाही ते टिकवा म्हणायचा मला काय अधिकार? काका मध्ये पडले नाहीत, सुपारी कातरत बसले.

मग मी एवढंच केलं. खोलीचा आवाजसुद्धा टिपून ठेवता येतो. फुगा फोडायचा आणि तो विरेपर्यंतचं रेकॉर्डिंग करायचं. मग गणिताने कुठलंही गाणं त्या खोलीत 'वाजवता' येतं. सामान हलवायच्या आदल्या दिवशी किन्हवलीच्या बाजारातून फुग्यांची दोन पाकिटं आणली. माजघरात कणगी, उतरंड, देव्हारा सगळं जागच्या जागी. मायक्रोफोन काका बसतात तिथे, त्यांच्या कानाच्या उंचीवर. फुगे फोडायला दादाची दोन्ही पोरं. वहिनीने चूल विझवली, कारण लाकडं तडतडत होती. चोवीस फुगे फोडले. नऊ वेळा पोरं हसली, दोनदा गोठ्यातून म्हैस ओरडली, एकदा रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. बारा फाइली स्वच्छ आल्यात. पोरांच्या हसण्याच्या नऊही मी काढून टाकलेल्या नाहीत.